गाणें कोठें ऐकावें?

सोलापुरांतील आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र या महिन्यांत आम्हांस आलें आहे. पत्रांतील प्रश्न एका घरचा असला, तरी तो आज ना उद्यां अनेक घरांत उभा राहणार आहे. म्हणून खाजगी उत्तर न धाडतां त्याचा विचार या सदरांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. नांव अर्थातच गाळलें आहे.

पत्रलेखक एका एकत्र कुटुंबाचे कर्ते आहेत. वृद्ध मातापिता, तीन भाऊ, त्यांच्या स्त्रिया व मुलें मिळून चौदा माणसें एका छपराखालीं नांदतात. धाकट्या भावाचा मुलगा २३ वर्षांचा असून अभियांत्रिकीची पदवी घेऊन नुकताच नोकरीस लागला आहे. त्यास गिटार वाजवून गाण्याचा छंद आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो दर शनिवारीं सायंकाळीं सात रस्त्यानजीकच्या एका उपाहारगृहांत बसून गातो, व मालक त्याबद्दल त्यास ठराविक बिदागी देतो. उपाहारगृह म्हटलें तरी तेथें मद्य मिळतें; तरुण मंडळी त्यास ‘पब’ म्हणतात. ही वार्ता शेजाऱ्यांच्या तोंडून घरीं आली आणि तेव्हांपासून घरांत दोन तट पडले आहेत. आजोबा म्हणतात, “दारूच्या गुत्त्यांत गाणारा आपल्या घरांत आजवर निपजला नव्हता.” मुलाचे वडील म्हणतात, “तो पीत नाही, गातो.” मुलाची आई कांहींच बोलत नाहीं, पण शनिवारीं रात्रीं तो परत येईपर्यंत ती पानावर बसत नाहीं. पत्रलेखकांस स्वतःचें मत ठरवितां येत नाहीं, आणि कर्तेपणामुळें तें ठरविल्यावांचून राहतांहि येत नाहीं. म्हणून ते विचारतात : मुलास बंदी करावी कीं करूं नये?

पत्राच्या शेवटीं त्यांनीं एक मजकूर जातां जातां लिहिला आहे. आम्हांस तोच सर्व पत्रांत महत्त्वाचा वाटला. या वादांत आजींनीं एकदांच तोंड उघडलें. त्यांनीं विचारलें, “अरे, पण तो गातो कसा? कुणी ऐकलंय का?” चौदांपैकीं कोणींहि ऐकिलें नव्हतें. मुलगा शिकला तो गच्चीवर. कारण खालीं दिवाणखान्यांत दूरदर्शनचा संच सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत असतो.

प्रथम मद्याचा विचार करूं, कारण आजोबांचा सारा राग तेथें आहे. तो राग पोकळ नाहीं. सोलापूर हें गिरण्यांचें आणि हातमागांचें गांव. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या दारापासून गुत्त्याच्या दारापर्यंतची वाट किती संसारांस महाग पडली, हें तेथील वृद्धांस सांगावयास नको. ज्यांनीं तें पाहिलें आहे त्यांनीं मद्यगृहाचें नांव ऐकतांच कपाळास आठी घालावी हें स्वाभाविक आहे. १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याच्या मुळाशीं तोच अनुभव होता. तो कायदा बदलत बदलत अद्यापि चालू आहे, आणि ‘परमिट रूम’ हा शब्द त्यांतूनच जन्मास आला. आजहि महाराष्ट्रांत पिणारास परवाना लागतो. बिअर व द्राक्षासव यांस २१ वर्षांची आणि कडक मद्यास २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. मद्याचें समर्थन करणें हें आमचें काम नाहीं व तसा आमचा मानसहि नाहीं. परंतु पत्रांतला प्रश्न मुलाच्या पिण्याचा नाहीं. तो पीत नाहीं हें आजोबांनाहि मान्य आहे. जेथें दुसरे पितात तेथें गाइल्यानें गाणें विटाळतें काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचा निर्णय मद्यावरून न करतां गाण्यावरून केला पाहिजे.

न ऐकतां निर्णय देण्याचा दोष आमच्याकडे येऊं नये म्हणून एका शनिवारीं आम्ही तेथें जाऊन बसलों. सात रस्ता हा नांवाप्रमाणें सात वाटांचा चौक. सायंकाळीं तेथें रिक्षा, दुचाक्या व एस. टी.च्या गाड्या यांची अशी झिम्मड उडते कीं, या गलबल्यांत कोणी गाऊं इच्छितो याचेंच नवल वाटावें. उपाहारगृह वरच्या मजल्यावर, वीस-बावीस मेजांचें. खिडक्या मिटल्या तरी खालचे भोंगे अंधुक ऐकूं येत. मेजांमेजांवर मराठी, कानडी, तेलुगु आणि दख्खनी हिंदी असें चौरंगी संभाषण चाललें होतें. या शहरांत तें नवें नाहीं. कोठें पेले होते, कोठें त्या जगांत ज्यास चकणा म्हणतात त्याच्या बशा होत्या. तर दोन मेजांवर आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन कुटुंबवत्सल मंडळी लेंकरांसह बसली होती. आम्हीं सोडा मागविला. तो निमूटपणें मिळाला. कोणीं तोंड वेंगाडलें नाहीं.

भिंतीपाशीं एका उंच तिवईवर मुलगा गिटार घेऊन बसला. त्याच्या शेजारीं दुसरा एक तरुण लांकडी पेटीवर बसून त्याच पेटीवर हातानें थाप देत होता. हें काहोन नांवाचें वाद्य पेरू देशाकडून जगभर गेलेलें आहे. पुढ्यांत ध्वनिक्षेपक नव्हता, विजेची तार नव्हती. अशा गाण्यास इंग्रजी जाणणारी मंडळी ‘अकूस्टिक’ म्हणतात. आपल्याकडे त्यास वेगळें नांव कधीं लागलेंच नाहीं, कारण आपलें सारें गाणें तसेंच होतें.

पहिलें गाणें कोणीं ऐकिलें नाहीं. तें चित्रपटांतलें होतें, सर्वांच्या ओळखीचें होतें, आणि म्हणूनच कीं काय, लोक त्याकडे पाठ करून बोलत राहिले. दुसऱ्या वेळीं मुलानें एक जुनें भावगीत घेतलें, आणि आरंभींच आवाज चढविण्याऐवजीं उतरविला. आम्हांस वाटलें, आतां हें बुडालें. परंतु जवळच्या मेजावरील एक गृहस्थ बोलतां बोलतां थांबले. ते थांबले म्हणून त्यांच्या सोबत्यास आपलाच आवाज मोठा वाटूं लागला व तोहि थांबला. मग त्यांच्या पलीकडचें मेज. वाढपी दोन बशा हातांत धरून खांबाला टेकला. अर्धी खोली शांत झाली. अर्धी झाली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. कोंपऱ्यांत कोणाचा तरी वाढदिवस होता, तेथील हशा शेवटपर्यंत चालूच राहिला. गाणें संपल्यावर एक इसम नोट पुढें करून हवें तें गाणें गाण्यास सांगूं लागला. मुलानें हात जोडून नोट परत केली, “पैसे मालक देतात,” एवढेंच म्हटलें, आणि मागितलेलें गाणें म्हटलें. दहा वाजण्याच्या आंत सर्व आटोपलें.

अर्धी खोली शांत झाली ती कशानें, याचा विचार करण्यासारखा आहे, कारण त्यांत वाद्याच्या रचनेचें मर्म आहे. नुसती ताणलेली तार छेडली तर तिचा आवाज चार हातांवर जात नाहीं. बारीक तार हवेला कापून जाते, ढकलीत नाहीं. तिचा कंप घोडीवाटे लांकडाच्या रुंद पातळ फळीस मिळतो, फळी आंतल्या पोकळींतील हवेस हलविते, आणि मग खोलीला सूर ऐकूं येतो. गिटारीची पोकळ पेटी जें काम करते तेंच आमच्या तंबोऱ्याचा भोपळा व तबली करितात. मिरजेच्या ज्या सतारी-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांस लागणारा भोपळा सोलापूर जिल्ह्यांतच, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो. तेव्हां लांकडाच्या पोकळींतून सूर काढणें ही कांहीं पाश्चात्यांचीच मिरास नव्हे. तिचें बियाणें सोलापूरकरांच्या शेतांत आहे. या सर्व रचनेंत बाहेरची शक्ति कणभरहि मिसळत नाहीं. बोटानें तारेला जें दिलें तेंच हवेला पोंचतें. म्हणून असें वाद्य ऐकणाराकडून कांहीं मागतें. तें मोठें होऊं शकत नाहीं. तेव्हां ऐकणारानेंच लहान व्हावें लागतें.

ध्वनिक्षेपकाच्या मागें याच्या उलट व्यवहार चालतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं दाखवून दिलें कीं, भोंवतीं गोंगाट असला म्हणजे माणूस नकळत आपला आवाज चढवितो. यंत्राचा आवाज वाढला कीं बोलणारे वाढवितात, बोलणाऱ्यांनीं वाढविला कीं यंत्रवाला वाढवितो, आणि शेवटीं कोणीच कोणाचें ऐकत नाहीं. मिरवणुकींतील ‘डीजे’च्या भिंतींसमोर ज्यांचीं तावदानें थरथरलीं आहेत त्यांस अधिक सांगावयास नको. रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावूं नये असे नियम २००० सालीं झाले. ते पाळले जावेत म्हणून नागरिकांस वारंवार तक्रारी कराव्या लागतात. अशा काळांत एक तरुण विजेवांचून गातो आणि अर्धी खोली त्यासाठीं आपलें बोलणें थांबविते, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. देवळासमोर जें साधत नाहीं तें मद्यगृहांत साधावें हें लज्जास्पद असेल. परंतु ती लज्जा त्या मुलाची नव्हे.

आतां कुलाच्या अब्रूविषयीं. “आपल्या घरांत असें कधीं झालें नाहीं,” असें आजोबा म्हणतात. त्यांच्या घरांत झालें नसेल, पण त्यांच्या गांवांत मात्र फार पूर्वीं झालें आहे, आणि तेंहि अशाच विद्वान् ब्राह्मणाच्या घरीं. पेशवाईच्या उत्तरकाळीं सोलापुरांत जोशीपणाची वृत्ति चालविणारें एक घराणें होतें. थोरले बंधु मुद्गल जोशी हे वेदशास्त्रसंपन्न, पुराण सांगणारे. धाकटा राम मात्र तमाशाच्या फडाकडे ओढला गेला. धोंडी शाहिराच्या फडांत डफ-तुणतुण्याच्या साथीनें रात्रीं रंगत, आणि हा जोश्याचा मुलगा तेथें जाऊन बसे. पुढें लावण्या रचूंहि लागला. थोरल्या बंधूंनीं त्यास घराबाहेर काढलें. तेव्हां तो पंढरपुरास गेला, तेथें संस्कृताचें अध्ययन केलें, आणि परत आला तो व्युत्पन्न होऊन. परंतु लावणी त्यानें सोडली नाहीं. उलट त्या संस्कृतानें त्याची लावणी श्रीमंत झाली. शब्दांची अशी झुळझुळ, अनुप्रासांची अशी खैरात दुसऱ्या शाहिरांत क्वचितच सांपडेल. बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) यांच्याशीं त्याचा स्नेह जडला, आणि पंतांच्या आर्या कीर्तनांतून गांवोगांव नेण्याचें काम याच रामजोश्यानें केलें. पंडितांच्या पोथींतली कविता लोकांच्या कानीं घालण्यास फडावर तयार झालेलाच गळा उपयोगीं पडला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

पुढें काय झालें तें पहा. १९४७ सालीं राजकमल कलामंदिरानें ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट काढला. दिग्दर्शन बाबुराव पेंटर व व्ही. शांताराम यांचें, गीतें ग. दि. माडगूळकरांचीं, संगीत वसंत देसाई यांचें. रामजोशी झाले जयराम शिलेदार आणि बया झाल्या हंसा वाडकर. ज्या घरांतील स्त्रियांनीं तमाशाचा फड जन्मांत पाहिला नव्हता, त्या घरांतील स्त्रियाहि हा बोलपट पाहून आल्या, व त्यांतील गाणीं माजघरांत गुणगुणल्या गेलीं. ज्यास थोरल्या बंधूंनीं दाराबाहेर घातलें, त्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळानें सुशिक्षित घरांनीं अशा रीतीनें आंत घेतलें. मुद्गल जोशी दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. फडावर मद्य होतें, उधळपट्टी होती, आणि भावाची काळजी होती. परंतु त्यांनीं फडाचा विचार केला तेवढा भावाच्या गुणाचा केला नाहीं.

हा प्रकार एका घरापुरताहि नाहीं. आपण ज्यास आज शास्त्रीय संगीत म्हणून मानानें ऐकतों, त्याचा मोठा वांटा कलावंतिणींच्या घरांतून व दरबारी गवयांच्या बैठकींतून आला आहे. आणि त्या दोन्ही ठिकाणीं आपले पूर्वज ऐकावयास जात, पण गाणाऱ्यांच्या पंक्तीस बसत नसत. विष्णु दिगंबर पलुसकरांची गोष्ट प्रसिद्धच आहे. मिरजेस एका समारंभाचें आमंत्रण त्यांस आलें, पण त्यांचे गुरु बाळकृष्णबुवा यांस आलें नाहीं; कारण काय, तर ते गवई! ती बोंच घेऊनच ते बाहेर पडले, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करून, तिकिटें लावून जाहीर मैफली करून, त्यांनीं गवयास समाजांत उभें केलें. गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचें गाणें तर १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर, मानवजातीचा नमुना म्हणून, अंतराळांत धाडलें गेलें. गाणें कोणाच्या घरीं जन्मलें हें पाहून त्याची किंमत करणारांनीं हीं दोन उदाहरणें जवळ बाळगावीं.

मग गाण्याची अब्रू राखली जाते तरी कशानें? आमच्या मतें दोन गोष्टींनीं : ऐकणारा कसा ऐकतो, आणि गाणाऱ्यास पैसा कसा पोंचतो. सोलापूर जिल्ह्यांतच मोडनिंब येथें संगीतबारीचीं कलाकेंद्रें आहेत. तेथील बैठकीची लावणी ज्यांनीं कान देऊन ऐकिली आहे ते सांगतात कीं, पेटी, तबला व ढोलकी यांच्या साथीनें बसून केलेली ती अदाकारी मोठ्या तयारीची असते. परंतु दौलतजादा करणारा जेव्हां नोट दाखवून गाणें मागतो, तेव्हां गाणारीच्या कलेपेक्षां त्याची नोटच मोठी होते. तेथें उणेंपण मागणाराकडे येतें, गाणारीकडे नव्हे. सात रस्त्यावरच्या त्या मुलानें नोट परत केली आणि गाणें मात्र दिलें. एवढ्यावरून आम्हांस त्याच्या घरच्या वळणाची साक्ष पटली. आजोबांनीं ती गोष्ट आपल्या खातीं जमा धरावी.

मद्यगृहांत गाण्याचा मान राखतां येतो किंवा नाहीं, यास परदेशांतून एक चांगलें उत्तर मिळतें. पोर्तुगालांतील लिस्बन शहरीं फादो नांवाचें गाणें आहे. विरहाचीं व कष्टांचीं हीं गाणीं पानगृहांतच वाढलीं, आणि आजहि तेथेंच गाइलीं जातात. बारा तारांची पोर्तुगीज गिटार साथीस असते. पण रिवाज असा कीं, गाणें सुरू व्हावयाचें झालें म्हणजे दिवे मंद होतात, ‘आतां फादो होणार, शांत व्हा’ अशा अर्थाची सूचना होते, वाढपी हातांतली सुरई खालीं ठेवितो, आणि गाणें संपेपर्यंत कोणी मागत नाहीं व कोणी देत नाहीं. २०११ सालीं युनेस्कोनें या गाण्यास मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. हें गाणें आपल्या शेजारच्या गोव्यांतहि आलें असून सोनिया शिरसाट यांनीं तें तेथें पुन्हा रुजविलें आहे. इंग्लंडनेंहि या बाबतींत विवेक दाखविला. तेथें २०१२ सालच्या कायद्यानें मद्यगृहांत सकाळीं ८ ते रात्रीं ११ पर्यंत विजेवांचून चालणाऱ्या गाण्यास वेगळ्या परवान्याची अट ठेवली नाहीं. नुसत्या गळ्याच्या व तारेच्या गाण्यानें शेजाऱ्यास उपद्रव होत नाहीं, हें कायदा करणारांसहि उमगलें. तात्पर्य, पेला आणि गाणें एका छपराखालीं असूं शकतात. पण गाण्याच्या वेळीं पेल्यानें थांबलें पाहिजे.

इतका विचार केल्यावर पत्रलेखकांस आम्ही आमचें उत्तर सांगतों. मुलास बंदी करूं नये. २३ वर्षांच्या मिळवत्या मुलास बंदी केल्यानें तो गाणें सोडणार नाहीं. घरीं सांगणें तेवढें सोडील. परंतु बंदी न करणें म्हणजे डोळेझांक करणें नव्हे. कर्त्या पुरुषानें कांहीं गोष्टी त्याच्याकडून मोकळेपणानें विचारून घ्याव्या. बिदागी मालक स्वतः देतो कीं गिऱ्हाइकांच्या मर्जीवर सोडतो? गाणें किती वाजतां संपतें, व मुलगा घरीं कसा येतो? साथीदाराचा वांटा ठरलेला आहे काय? आठवडाभराच्या नोकरीनंतर रियाजास वेळ उरतो कीं तींच आठ गाणीं घोटून शनिवार साजरा होतो? हा शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टाळ्या लवकर मिळूं लागल्या म्हणजे शिकणें थांबतें. मद्यापेक्षां हें व्यसन गाणाऱ्यास अधिक बाधतें, आणि त्यापासून वांचविणारा घरचाच कोणी लागतो. शक्य तर सोलापुरांतच एखाद्या जाणत्या गुरूकडे त्यास कंठसंगीताची बैठक पक्की करावयास सांगावें. गिटार त्यास आड येणार नाहीं.

दुसरें, मालकास भेटावें. चांगल्या घरचीं वडीलधारीं माणसें येऊन बोलतात तेव्हां दुकानदार ऐकतो. गाण्याच्या पाऊण तासांत दोन-दोन गाण्यांचे गट करावे, आणि त्या गटापुरतें वाढणें थांबवावें, एवढें लिस्बनचें शिक्षण सात रस्त्यावर आणण्यास खर्च कांहींच नाहीं. त्यांत मालकाचें नुकसानहि नाहीं. ज्या मेजांवर आम्हीं भाकरी-चटणी पाहिली तशीं मेजें वाढतील.

तिसरें, आणि हें घरापुरतें. महिन्यांतून एका रविवारीं सायंकाळीं तासभर दिवाणखान्यांतला संच बंद ठेवावा व मुलास तेथें गावयास बसवावें. आजोबांनीं बैठकींत मधोमध बसावें. चहा आधीं व्हावा किंवा नंतर. गाणें चालू असतां कपबशीचा आवाज होऊं नये. मुलांनीं मध्येंच उठूं नये, मोठ्यांनीं मध्येंच शेजाऱ्याची खुशाली विचारूं नये, आणि कोणींहि भ्रमणध्वनि हातांत घेऊं नये. हें वाटतें तितकें सोपें नाहीं. आपण मद्यगृहांतील लोकांच्या गोंगाटास नांवें ठेवितों. पण आपल्या घरीं एक माणूस गात असतां आपण चौदा माणसें तासभर गप्प बसूं शकतों काय, याची परीक्षा एकदां घेऊन पहावी. ज्या घरांत ती परीक्षा उतरेल, त्या घरच्या मुलानें शनिवारीं कोठें गाइलें तरी त्याच्या गाण्यास रविवारची बैठक ठाऊक असेल.

मुलाच्या आईविषयीं एक शब्द. त्या शनिवारीं जेवावयाच्या थांबतात ती काळजी समजण्यासारखी आहे. त्यांनीं एका शनिवारीं मुलाच्या वडिलांस बरोबर घेऊन तेथें जावें, खिडकीजवळचें मेज पहावें, सोडा मागवावा, आणि ऐकून त्याच्यासोबतच घरीं येऊन जेवावें. न पाहिलेल्या ठिकाणाची भीति ही पाहिलेल्या ठिकाणाच्या भीतीहून नेहमींच मोठी असते.

राहिला आजींचा प्रश्न : मुलगा गातो कसा? आम्हीं तें ऐकिलें आहे, आणि आमचें मतहि झालें आहे. परंतु तें येथें छापणार नाहीं. चौदा माणसांच्या घरांत ज्याचें उत्तर द्यावयाचें, तें बाहेरच्या मासिकाकडून मागविणें बरें दिसत नाहीं. पत्रलेखकांनीं येत्या रविवारीं आजींस पुढें बसवून तें ऐकावें, व त्या काय म्हणाल्या तें आम्हांस अवश्य कळवावें.